पान चावल्यावर कुंदा गोड लागेना

गेल्या पावसाळ्यात माझी आत्या जांबोटीकडून आली ती रुमालात ओंजळभर हिरवी पानं बांधूनच. पानं दिसायला अगदी साधी. बोटाच्या दोन पेरांएवढी, देठावर जोडीजोडीनं आलेली, हात फिरवला तर किंचित लव लागणारी. "दोन पानं नीट चावून खा. गिळायची घाई करू नको. मग सांगते मजा," म्हणाली. चव कडवट होती, फार वाईट नव्हती. मिनिटभरानं तिनं कुंद्याचा डबा पुढं सरकवला.

बेळगावच्या माणसाला कुंद्याची चव सांगायला लागत नाही. पण त्या दिवशी तोंडात गेला तो कुंदा नव्हताच. भाजलेल्या दुधाचा खरपूस वास होता, तूपकटपणा होता, रवाळ कण जिभेवर फिरत होते. गोडी तेवढी कुठंच नव्हती. मग स्वयंपाकघरात जाऊन चमचाभर साखर तोंडात टाकली, तर ती दाताखाली वाळूसारखी करकरली. साधारण अर्ध्या तासानं जीभ ठिकाणावर आली.

"बघ की," आत्या म्हणाली, "जिभेवरची साखर मारते, ती रक्तातली मारणार नाही होय?"

ही पानं गुडमारची. आपल्याकडं काही जण बेडकीचा पाला म्हणतात, वैद्य मधुनाशिनी म्हणतात. आत्याला बारा वर्षांपासून शुगर आहे आणि माझं शहापुरात औषधांचं दुकान आहे. त्यामुळं हा वाद आमच्या घरात नवा नाही. दुकानात तर रोजचाच. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीची पट्टी घेता घेता गिऱ्हाईक विचारतं, "जांभळाच्या बियांची पूड चालते काय हो?" कुणाच्या पिशवीत कारल्याच्या रसाची बाटली, कुणाच्या अंगणात 'इन्सुलिनचं झाड'. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे दहा कोटींहून जास्त लोकांना, मधुमेह असल्याचं आढळलं. आणखी साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं तासभर अडकणाऱ्या आपल्या जिल्ह्यात कन्नड शेजारी म्हणतात 'सक्करे कायिले', आपण म्हणतो 'शुगर'. औषध दोघंही आधी परसातच शोधतात.

आत्याच्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून सुटका नाही. त्यासाठी आधी साखरेची वाट बघावी लागते.

निरोगी माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं. त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती? उपाशीपोटी सुमारे पाच ग्रॅम. एक चहाचा चमचा, बस्स. दोन भाकऱ्या, वाटीभर भात आणि वर एक लाडू खाल्ला तर त्याच्या वीसपट साखर पोटातून रक्ताकडं निघते. तरी रक्तातला आकडा वीसपट होत नाही, कारण वाटेत नाके आहेत. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या थांबवून एकेक सोडल्यासारखं शरीर साखर थोडी थोडी सोडतं, उतरवून घेतं, कोठारात टाकतं.

पहिला नाका जिभेचा. तिथं फक्त ओळख पटते. दुसरा आतड्याचा. भाकरीतला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. ती तोडून सुटे मणी करणारी पाचकद्रव्यं, म्हणजे एन्झाइम्स, तिथं असतात. सुटा झालेला मणी म्हणजे ग्लुकोज, तोच आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातो. तिसरा नाका स्वादुपिंडाचा. ते साखर आलेली पाहून इन्सुलिन सोडतं. चौथा स्नायू आणि यकृताचा. इन्सुलिनची हाक आली की स्नायू दारं उघडून साखर आत घेतात. यकृत जेवणानंतर साखर साठवतं आणि रात्री, आपण झोपलेलो असताना, हळूहळू परत सोडतं. टाइप २ मधुमेहात हे स्नायू बहिरे होतात आणि यकृत नको तेव्हा साखर सोडत राहतं. रात्री काही न खाताही सकाळची उपाशीपोटीची शुगर जास्त येते ती म्हणून. "रात्री नुसतं ताक प्यालो, तरी १६०!" ही तक्रार मी आठवड्यातून चारदा ऐकतो. पाचवा आणि शेवटचा नाका मूत्रपिंडाचा, त्याच्याकडं नंतर येऊ.

वनस्पतीतलं कुठलंही द्रव्य शुगरवर काम करत असेल तर ते यातल्या कुठल्या तरी नाक्यावरच करणार. 'शुगर कमी करतं' एवढं म्हणणं म्हणजे 'गाडी बिघडली' एवढंच सांगणं. कुठं, हे कळलं तर पुढचं बोलता येतं.

गुडमारमधली जिम्नेमिक आम्लं पहिल्या नाक्यावर बसतात. जिभेवर गोड ओळखणारी जी प्रथिनं आहेत, त्यांनाच ती जाऊन चिकटतात. कुंद्यातली साखर होती तिथंच आहे, तशीच पोटातही गेली. नाक्यावरच्या पोलिसाच्या डोळ्यांवर तेवढी पट्टी बांधली होती, गाडी कधीच पुढं निघून गेली. म्हणजे आत्याचा पुरावा भारी होता, पण तो जिभेचा होता, रक्ताचा नव्हता. (झाडानं हे द्रव्य आपल्या शुगरसाठी बनवलेलं नाही, तेही सांगतो. पानं कुरतडणाऱ्या अळ्या-किड्यांना जेवण बेचव लागावं, ही त्याची सोय. वनस्पतीतली बहुतेक कडू, तुरट द्रव्यं अशीच झाडाच्या बचावासाठी असतात.)

पण गोष्ट इथं संपत नाही. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांना त्यांच्या गोळ्यांबरोबर गुडमारच्या पानांचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम असा १८ ते २० महिने दिला. शुगर उतरली, आणि पाच जणांना गोळ्या बंद करता आल्या. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिची मुद्रा बघण्यासारखी होती. पण २२ माणसं ही फार थोडी. शिवाय कुणाला खरा अर्क आणि कुणाला नुसती दिसायला तशी गोळी, हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासून लपवून केलेली तुलना त्यात नव्हती. तपासणीत आहोत म्हटलं की माणूस आपोआप लाडूला नाही म्हणतो, सकाळी फिरायला जातो. उतरलेल्या आकड्यात पानाचं किती आणि फिरण्याचं किती, हे मग वेगळं काढता येत नाही. म्हणून गुडमारबद्दल 'आशा आहे' म्हणता येतं, 'सिद्ध आहे' नाही.

दुसऱ्या नाक्यावरची वनस्पती म्हणजे सप्तरंगी. पश्चिम घाटातला हा वेल, मूळ आडवं कापलं की आत रंगांच्या कड्या दिसतात. तिच्याच कुळातल्या श्रीलंकेतल्या वेलापासून १९९७ साली जपानी संशोधकांनी सॅलासिनॉल नावाचं द्रव्य वेगळं काढलं. हे द्रव्य स्टार्चची माळ तोडणाऱ्या कात्रीच्या पात्यातच अडकून बसतं. मणी सुटे व्हायला वेळ लागतो, साखर रक्तात हळूहळू जाते. दुकानातल्या अकार्बोज आणि वोग्लिबोज या गोळ्या हेच काम करतात. वोग्लिबोज खाणाऱ्यांना पोट गुडगुडणं आणि वायू होणं ही तक्रार असते, तीही याच कारणानं. वर न पचलेला स्टार्च खाली मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या तावडीत सापडतो.

याच नाक्यावर आपली मेथीही बसते, पण तिची तऱ्हा न्यारी. रात्री वाटीत मेथीदाणे भिजत घालून सकाळी बोटानं ढवळून पाहा. दाणे फुगलेले असतात, पाण्याला चिकटपणा आलेला असतो, बोट उचललं की तार येते. हा बुळबुळीतपणा गॅलॅक्टोमॅनन नावाच्या तंतूचा. पोटात गेल्यावर तो जेवणाभोवती ओला, घट्ट लगदा करतो आणि साखर त्यातून चिखलातून बैलगाडी निघावी तशी निघते. मेथीत आणखी एक वेगळं अमिनो आम्लही आहे, फोर-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला ते मदत करतं, असं प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तरी माझ्या मते मेथीचं मोठं काम तो बुळबुळीत तंतूच करतो.

मग किती मेथी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मेथीवर सविस्तर काम केलं. १९९० च्या एका प्रयोगात रुग्णांना तेल काढलेल्या मेथीची पूड दिली ती रोज १०० ग्रॅम, जेवणात मिसळून. १९९६ मध्ये ६० रुग्णांवर २४ आठवडे केलेल्या कामात रोज २५ ग्रॅम. दोन्हीकडं फरक दिसला. आता आत्याची वाटी. ती रात्री भिजत घालते ती चिमूटभर मेथी, मोजली तर दोन ग्रॅमही भरत नाही. वर सकाळी वरचं पाणी पिऊन दाणे पोपटांना घालते! तंतू पोपटांच्या पोटात आणि शुगर आत्याच्या रक्तात. दाणे खायचे, पाण्याला काही अर्थ नाही, हे पटवायला मला दोन महिने लागले. पंचवीस ग्रॅम म्हणजे सहाएक चमचे. एकदम सुरू केले तर पोट फुगतं आणि अंगाला, घामाला मेथीचा वास येतो. गरोदर बाईनं इतकी मेथी खाऊ नये.

कारल्याला आपले कन्नड शेजारी हागलकाई म्हणतात, आणि दोन्ही भाषांत त्याच्यावर सारखीच श्रद्धा. त्यात चॅरँटिन नावाचं द्रव्य आहे, आणि पॉलिपेप्टाइड-पी नावाचं प्रथिन आहे, ज्याला हौसेनं 'वनस्पतीतलं इन्सुलिन' म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय संशोधकांनी ते वेगळं काढून कातडीखाली टोचलं, तेव्हा शुगर उतरली होती. टोचलं होतं, हे महत्त्वाचं. इन्सुलिन काय किंवा हे काय, प्रथिन तोंडावाटे गेलं की पोटातलं आम्ल आणि पाचकद्रव्यं त्याचे तुकडे करतात, अंड्याच्या बलकाचे करतात तसेच. इन्सुलिनची गोळी बनवणं इतकं अवघड का, तेही यातच आलं. कारल्यातली दुसरी काही द्रव्यं मात्र पोटातून तगतात. स्नायूंच्या पेशींत 'इंधन कमी आहे, साखर आत घ्या' अशी घंटा वाजवणारा एएमपीके नावाचा एन्झाइम असतो, त्याला ती जागं करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. प्रत्यक्ष माणसांत? थायलंडमध्ये चार आठवडे झालेल्या तुलनेत रोज २००० मिलिग्रॅम कारल्याच्या पुडीनं थोडा फरक पडला, पण १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनपेक्षा कमी. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनच्या २०१२ च्या आढाव्यानं तर पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं. कारल्याची भाजी जरूर खावी. आत्या कांदा-खोबऱ्याचं वाटण भरून करते ती खाल्ली की मी कोणाशी वाद घालत नाही.

इथं एक घातक समज आहे. 'कडू खाल्लं की शुगर उतरते.' कडवटपणा ही एकच वस्तू नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा, किराइताचा वेगळा, कडुनिंबाचा वेगळा, आणि कडू निघालेल्या दुधी भोपळ्याचा तर साफ वेगळा. दुधी कडू लागला तर त्यात कुकुरबिटासिन नावाचं विष वाढलेलं असतं. त्याचा रस पिऊन उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झाले आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं असा रस पिऊ नये म्हणून इशारा दिलेला आहे. रसाआधी तुकडा चाखायचा, कडू लागला तर दुधी उकिरड्यावर.

आता आमच्या घरातला लाकडी पेला. खानापूरच्या जंगलातला बिवळा, कन्नडमध्ये होन्ने, संस्कृतात असन किंवा विजयसार. याचं दार-खिडक्यांना चांगलं लाकूड होतं. त्याच्या कातीव पेल्यात रात्री पाणी भरून ठेवलं की सकाळी ते फिक्या चहासारखं होतं, आणि उन्हात तिरकं धरलं तर निळसर झाक मारतं. पहिल्या दिवशी ही झाक पाहून मीही चाट पडलो होतो. लाकडात एपिकॅटेचिन, टेरोस्टिल्बिन अशी द्रव्यं आहेत आणि ती एकाहून जास्त नाक्यांवर काम करत असावीत असा अंदाज आहे. आणि हे झाड केवळ ऐकीव नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं नव्यानं मधुमेह सापडलेल्या ९७ रुग्णांना विजयसार देऊन पाहिला, १९९८ साली निष्कर्ष छापले. रोज दोन ग्रॅमपासून सुरुवात, गरजेप्रमाणे चार ग्रॅमपर्यंत. १२ आठवड्यांत ६७ जणांची शुगर आटोक्यात आली. तुलनेचा दुसरा गट नव्हता, आणि फार वाढलेली शुगर असणाऱ्यांसाठी ही चाचणी नव्हती, पण आपल्या देशातलं हे नीट नोंदवलेलं काम आहे.

आत्याच्या पेल्यात मात्र ग्रॅम कुणी मोजले नव्हते. पहिले काही आठवडे पाणी गडद यायचं, मग फिकं, आणि सहा महिन्यांनी बघावं तर पेल्यातलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. लाकडाच्या वरच्या थरातलं जे सुटायचं ते सुटून गेलं होतं. आत्या रोज सकाळी भक्तिभावानं साधं पाणी पीत होती, आणि मला सांगत होती की पेल्यानं शुगर धरून ठेवली आहे. धरून ठेवली होती ती सकाळच्या गोळीनं.

चौथ्या नाक्याची गोष्ट आपल्या रानातली नाही, युरोपातली आहे, तरी ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारण तिच्यातून आलेली गोळी बेळगावच्या निम्म्या घरांत फळीवर आहे. गॅलेगा ऑफिसिनालिस नावाचं जांभळट फुलांचं एक झुडूप तिकडं उगवतं, शेंगावर्गातलं. लघवीच्या आजारावर त्याचा काढा जुन्या काळी द्यायचे. त्यात ग्वानिडीन गटातलं गॅलेजिन नावाचं द्रव्य असतं. १९१८ साली ग्वानिडीननं प्राण्यांची शुगर उतरते हे कळलं, पण ते विषारी निघालं. गॅलेजिनचीही माणसांवर परीक्षा झाली, तेही भरवशाचं नव्हतं. १९२२ साली डब्लिनमध्ये व्हर्नर आणि बेल यांनी त्याच घराण्यातलं एक रसायन प्रयोगशाळेत तयार केलं. कुणी लक्ष दिलं नाही. त्याच सुमारास इन्सुलिन सापडलं होतं आणि सगळं जग त्याच्यामागं धावत होतं. पस्तीस वर्षांनी, १९५७ साली, फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी ते रसायन मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. हेच मेटफॉर्मिन. यकृत रात्रीबेरात्री साखर सोडतं ना, त्या कोठाराचं दार ते ओढून घेतं. अमेरिकेत त्याला परवानगी मिळायला १९९४ उजाडलं.

म्हणून कुणी "झाडपाला की इंग्रजी औषध?" असं विचारलं की मला हसू येतं. आत्या ज्या गोळीवर रागावते तीही एका झाडाचीच नात आहे. फरक मधल्या वर्षांचा आहे. कुणीतरी मूळ द्रव्य ओळखलं, त्यातलं विष बाजूला केलं, किती दिलं तर किती उतरतं आणि किती दिलं तर माणूस आडवा होतो हे मोजलं. गोळीवर ५०० छापलेलं असतं. पानावर काही छापलेलं नसतं. तेच झाड जांबोटीच्या पावसात वाढलं की वेगळं आणि अथणीच्या उन्हात वाढलं की वेगळं, पान कोवळं की जून, सावलीत वाळवलं की उन्हात, या सगळ्यानं आतलं द्रव्य कमी-जास्त होतं. आपल्याच बेळगावच्या नेहरूनगरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे. पारंपरिक औषधं आजच्या विज्ञानाच्या कसोटीला लावून पाहणं हेच तिचं काम.

मूत्रपिंडाच्या नाक्याचीही अशीच कथा. रोज जवळजवळ १८० ग्रॅम साखर रक्तातून मूत्रपिंडाच्या गाळणीत उतरते आणि निरोगी माणसात सगळी परत उचलली जाते. रक्तातली शुगर दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की उचलणारे हात कमी पडतात आणि साखर लघवीत उतरते. लघवीला मुंग्या लागतात ते यामुळं. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं गेलं, आणि पन्नासएक वर्षांनी जर्मनीत फॉन मेरिंग यांना दिसलं की ते खाल्लं की लघवीत साखर येते. ते उचलणारे हातच धरून ठेवत होतं. फ्लोरिझिन पोटात टिकत नाही आणि जुलाब लावतं, म्हणून त्याचं रूप बदलत बदलत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही आजची औषधं आली. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० साली संपलं आणि किंमत धाडकन खाली आली, हे मला माझ्या बिलबुकावरूनच कळलं. सफरचंदाची साल उकळून पिऊ नका, हे वेगळं सांगायला नको. पण एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं.

उरलेल्या नावांवर थोडक्यात. जांभूळ: मे-जूनमध्ये खानापूरकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात तेव्हा शुगरवाले किलोकिलोनं नेतात. बियांतल्या द्रव्यांबद्दल प्राण्यांवरचे प्रयोग बरेच आहेत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची नीट तुलना झाली तेव्हा त्याचा काही उपयोग दिसला नाही. फळ गोड आहे, म्हणजे साखर आहेच, मूठभर ठीक. कुंडीतलं 'इन्सुलिनचं झाड' म्हणजे कॉस्टस, त्यात इन्सुलिनचा थेंबही नाही. त्यात सापडणारं कोरोसोलिक आम्ल तामणीच्या पानांतही असतं. दालचिनीवरचे निष्कर्ष एकमेकांशी भांडतात, आणि आपल्या बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक, एकपदरी साल बहुतेकदा कॅशिया असते. तिच्यात यकृताला बाधणारं कूमारिन असतं. रोज चमचाभर पूड खाल्ली तर युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं घालून दिलेली मर्यादा सहज ओलांडली जाते. चहात तुकडा टाकायला हरकत नाही. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारसं शिरतच नाही. गूळ म्हणजे साखरच, रंग बदललेली. आणि नाचणीची भाकरी चांगली, पण तिचीच बारीक पिठाची पातळ आंबील भरभर पचते आणि शुगर चढवते. आजारी माणसाला मऊ म्हणून आंबील देतात, मग तासाभरानं आकडा बघून घरचे घाबरतात.

आता माझं खरं भांडण. पानाशी नाही, लपवाछपवीशी. दुकानातली बरीच माणसं डॉक्टरांना पाल्याबद्दल सांगत नाहीत, रागावतील म्हणून. दोनेक वर्षांपूर्वी आत्यानं एका जत्रेत चूर्ण घेतलं. आठ दिवसांत उपाशीपोटीची शुगर ९० वर आली, सगळं घर खूष. दहाव्या दिवशी दुपारी ती घामानं निथळली, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. मशीनवर आकडा होता ५२. ती ग्लिमेपिराइड घेत होती, जी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि वर ते चूर्ण. त्यात काय होतं ते कधीच कळलं नाही. 'शुद्ध वनस्पती' म्हणून विकलेल्या चूर्णांत मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड कुटून मिसळलेलं तपासणीत सापडल्याच्या नोंदी आहेत. झाडपाला दोन दिवसांत इतका गुण देत असेल तर मला आनंद होण्याआधी संशय येतो.

त्या दिवसापासून आत्याच्या औषधांची एकच पिशवी आहे. गोळ्या, मेथीची डबी, गुडमारची वाळलेली पानं, सगळं त्यात. डॉक्टरांकडं जाताना पिशवी टेबलावर रिकामी करायची, असा नियम. लाकडी पेलाही ती पहिल्यांदा घेऊन गेली होती. डॉक्टरांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि "छान आहे, पेन ठेवा यात," म्हणाले.

पिशवीत आणखी एक वस्तू मी घातली आहे, ग्लुकोज पावडरचं पाकीट. शुगर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर पाण्यात तीन चमचे, साधारण १५ ग्रॅम, आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. साधी साखर का नाही, असं आत्यानं विचारलं. वोग्लिबोजच्या गोळीनं किंवा सप्तरंगीनं आतड्यातली कात्री अडकलेली असेल तर साधी साखर फुटायलाच वेळ लागतो. तिचेही दोन मणी जोडलेले असतात. ग्लुकोज आधीच सुटं असतं, ते थेट रक्तात जातं.

तिला ते पटलं. पण नुसतं ऐकून गप्प बसेल ती आत्या कसली. दुसऱ्या दिवशी गुडमारची दोन पानं चावून वर चिमूटभर ग्लुकोज पावडर तोंडात टाकली, मशीन घेऊन बसली आणि मला दुकानात फोन केला. "खडू खाल्ल्यागत लागलं रे," म्हणाली. "पण आकडा चढला बघ."